बिनइशाऱ्याचा खड्डा

दूरनाद प्रयोगशाळेच्या पायऱ्या अठ्ठेचाळीस आणि सुलू कुंभोजकरचं वयही अठ्ठेचाळीस. पहिल्यांदा आली तेव्हा तिला याची गंमत वाटली होती. आज तिसाव्या पायरीवर थांबून तिनं उजवा खांदा चोळला आणि ही इमारत टेकडीवर बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. चोवीस वर्षं ड्रम बडवून झिजलेला खांदा होता तो. डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्षभर चालेल, मग स्टिक्स खुंटीला टांगा. आज एक सही झाली की वर्षभर वाट बघायचंही कारण उरणार नव्हतं.

सही करायची होती ती जोडी मोडल्याच्या कागदावर. पृथ्वीवर ड्रमवर सुलू आणि चंद्रावरच्या सोमतळ वसाहतीत गिटारवर अंतोन डाबरे, अशी ही जोडी होती. वीस कार्यक्रम ठरले होते, सातातच दोघांचा जीव मेटाकुटीला आला. अंतोननं त्याची सही वरून कालच पाठवली होती.

तसं बघितलं तर ही जोडी जमायचंच काही कारण नव्हतं. सुलू इचलकरंजीची. तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढली आणि पुढे कसल्या कसल्या रॉक बँडांत वाजवत फिरली. बँड फुटत गेले, पोरं लग्नं करून दुकानांत बसली आणि ही उरली. मग वसईच्या एका शाळेत वाद्यं शिकवायची नोकरी धरली. तिथे तिला अंतोन भेटला. पन्नाशी ओलांडलेला, धंद्यानं वेल्डर, मामाच्या गॅरेजात मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि काम आटोपलं की त्याच गॅरेजात गिटार घेऊन बसायचा. त्याचाही बँड कधीच मोडला होता. दोघं एकदा सहज वाजवायला बसले आणि अकरा आठवडे रोज बसले.

त्या अकरा आठवड्यांत सुलूला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आपल्याशी कुणीतरी वाजवतंय. आजवर लोक तिच्या शेजारी बसून वाजवत आले होते. यातला फरक कळायला तिला चाळीस वर्षं उलटावी लागली, याचा तिला नंतर फार राग यायचा.

दोघांचा एक खेळ होता. गाणं भरात असताना अंतोन मध्येच हात उचलायचा. एका ठोक्यापुरती चिडीचूप शांतता. तो त्याला ‘खड्डा’ म्हणायचा. सुलू बेसावध असली की तिची काठी त्या शांततेत एकटीच धाडकन आपटायची आणि तो ओरडायचा, “पडली! बाय पडली!” मग तीही टाकायची आणि तो पडायचा. नियम ठरलेले होते. डोळ्यांनी किंवा मानेनं खुणावायचं नाही, एका जागी दोनदा टाकायचा नाही, आणि जो पडेल त्यानं चहा करायचा. अकरा आठवड्यांत फक्त दोनदा असं झालं, की कुणी कुणाला काही न सुचवता दोघांचे हात एकाच ठोक्याला थांबले. हा बिनइशाऱ्याचा खड्डा. त्या दोन्ही दिवशी पडलं कुणीच नव्हतं, त्यामुळे चहा कुणी करायचा यावर भांडण झालं, आणि दोघंही हट्टी असल्यामुळे चहा झालाच नाही.

मग अंतोनला सोमतळचं कंत्राट आलं. निर्वात जागी वेल्डिंग करणारे हात जगात थोडे. त्यातला एक हा. नाही म्हणायला त्याला जमलं नाही.

डॉ. तबस्सुम मुजावर तेव्हा या दोघांना शोधत आली होती. पस्तिशीची, दूरनाद प्रयोगशाळेची प्रमुख, बोलायला घाई फार. यान सुटायच्या महिनाभर आधी तिनं दोघांना याच खोलीत बसवून सगळं समजावलं होतं.

“सुलूताई, अडचण साधी आहे,” तबस्सुम म्हणाली होती. “चंद्र इथून पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. आवाज रेडिओलहरींवर चढवला तरी एका बाजूनं जायला सव्वा सेकंद लागतो. तुमचं गाणं मिनिटाला एकशेवीस ठोक्यांचं. म्हणजे यांनी आत्ता वाजवलेला ठोका तुमच्या कानावर येईपर्यंत हे अडीच ठोके पुढे गेलेले असणार. तुम्ही यांच्यासाठी थांबणार, हे तुमच्यासाठी थांबणार...”

“आणि गाणं चिखलात रुतणार,” अंतोन म्हणाला.

“बरोबर. म्हणून हे पूर्वनाद-यंत्र. हे पंधरा दिवस तुम्हा दोघांना ऐकेल आणि तुमच्या खोडी शिकेल. सुलूताईंचा डावा हात उजव्यापेक्षा जरासा मागे रेंगाळतो, तुम्ही वरच्या तारांवर गेलात की घाई करता, असलं सगळं. मग कार्यक्रम सुरू झाला, की तुम्ही या क्षणी काय वाजवत असाल याचा अंदाज करून तो अंदाज सुलूताईंना ऐकवेल. सव्वा सेकंदानं खरा आवाज पोचला, की अंदाज किती चुकला ते बघून स्वतःला सुधारेल. तिकडचं यंत्र तुम्हाला ताईंचा अंदाज ऐकवेल.”

“म्हणजे मी ऐकणार ते अंतोनचं वाजवणं नव्हेच,” सुलू म्हणाली.

“शंभरातलं नव्याण्णव तेच असेल.”

“आणि उरलेलं एक?”

तबस्सुम हसली होती. “एवढं कुणाला कळतंय, ताई!”

अंतोननं तेव्हाच सांगून टाकलं होतं, की जोडी टिकली तर आपण पहिल्या यानानं परत येऊ, नाही टिकली तर वर पुढचं कंत्राट घेऊ. “खाली माझं आहे कोण? वर निदान खानावळ आहे,” असं म्हणाला. थट्टेत म्हणाला, पण सुलूला ते लागलं होतं.

पहिला कार्यक्रम नाशिकला झाला. मैदान भरून माणसं आली होती. सुरुवातीची दोन गाणी झकास गेली. अंतोन खरंच शेजारी बसल्यासारखा वाटत होता. तिसऱ्या गाण्यात सुलूनं मन घट्ट केलं आणि खड्डा टाकला. तिचे हात थांबले, ड्रम थांबले, आणि कानात गिटार मात्र सरळ वाजत पुढे निघून गेली. दचकली नाही, अडखळली नाही, काही नाही. समोरच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “ओ ताई, झोप लागली काय?” लोक हसले. सुलूचे कान तापले.

तिला वाटलं, पहिलाच कार्यक्रम, अंतोनचं लक्ष नसेल. दुसऱ्यात तिनं दोन टाकले, तिसऱ्यात तीन. गिटारीला ढिम्म फरक पडला नाही. आणि अंतोनकडून खड्डा एकही येईना. नुसतं गुळगुळीत, बिनचूक वाजवणं. पेपरांत छापून यायचं, काय हा मेळ, काय ही अचूकता! सुलू ते वाचायची आणि खांद्याला मलम चोळत बसायची. एकटीनं भिंतीवर चेंडू मारत राहावं तसं तिला व्हायला लागलं होतं.

सहाव्या कार्यक्रमानंतर तिनं त्याला साध्या दुव्यावर गाठलं. साध्या दुव्यावर यंत्र नसतं. आपलं बोलणं पोचायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा. भांडणाला ही सोय फार वाईट. एका टोमण्याचं उत्तर येईपर्यंत आपण दुसरा मारून बसलेलो असतो.

“तू खड्डा टाकायचं सोडलंस,” ती म्हणाली.

अडीच सेकंदांनी उत्तर आलं. “मी? मी दर वेळी टाकतोय! तूच पडत नाहीस. दगडासारखी वाजवत सुटतेस. इथली पोरं हसतात मला, म्हणतात काकाचा हात गेला.”

“खोटं बोलू नकोस, अंतोन. मला कान आहेत.”

“मलाही आहेत! तू तरी कुठे टाकतेस?”

“मी टाकत नाही? नाशकात अख्ख्या मैदानानं...” तिनं वाक्य सोडून दिलं. इतका दमलेला माणूस इतकं धडधडीत खोटं बोलतो, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. तिकडे तोही तेच मनात म्हणत असेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? दोघांनीही आपापल्या कानांनी ऐकलं होतं.

सातवा कार्यक्रम म्हणजे नुसतं ध्वनिमुद्रण होतं. समोर लोक नव्हते. सुलू प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत बसलेली, अंतोन सोमतळच्या पाण्याच्या टाक्यांमागे. आणि त्यानंतर दोन दिवसांत दोघांनीही कळवलं, की पुरे झालं.

“कागद तयार आहे, ताई,” तबस्सुमनं आता टेबलावर सरकवला. तिचा चेहरा पडलेला होता. “खरं सांगू? मला वाटलं नव्हतं असं होईल. यंत्राची चूक हजारात चारवर आली होती. इतकं बिनचूक तर...”

“हो, बिनचूक,” सुलू म्हणाली. तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं. “तबस्सुम, एक विचारते. ते शेवटचं मुद्रण बाहेर आलंय. त्यातलं ‘मिठागर’ लोकांना सगळ्यात आवडतंय म्हणे.”

“तुफान चाललंय! त्याचा उत्तरार्ध तर...”

“त्या उत्तरार्धात मी नाहीये.”

तबस्सुमला आधी कळलंच नाही.

“मी वाजवलंच नाही, बाई. मध्यावर स्टिक्स मांडीवर ठेवल्या आणि गाणं संपेपर्यंत गप्प बसले. मला बघायचं होतं, अंतोनच्या लक्षात येतंय का. मी नसले तर त्याला काही कमी वाटतं का.” “नाही आलं लक्षात. शेवटपर्यंत वाजवत राहिला. इतकं छान वाजवलं होतं त्यानं! त्याच दिवशी मी ठरवलं. पुढे मुद्रण ऐकलं तर त्यात ड्रमही होते. कुणाचे ते देव जाणे. लाज वाटली म्हणून बोलले नाही.”

तबस्सुम खुर्चीतून अर्धी उठली. “ते सांधणीनं भरलं असणार.”

“म्हणजे?”

“सांधणी म्हणजे... दुवा कधीकधी तुटतो ना, ताई. मधला उपग्रह चंद्राआड जातो, आवाज यायचा एकदम बंद होतो. तेव्हा गाणं कोसळू नये म्हणून यंत्राला सांगून ठेवलंय, की अचानक शांतता आली तर दुवा तुटला असं समज, ती शांतता ऐकवू नकोस, अंदाजानं वाजवत राहा. दहा मिनिटांपर्यंत सुद्धा...” बोलता बोलता ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

“अचानक शांतता,” सुलू सावकाश म्हणाली.

“हो.”

“म्हणजे खड्डा.”

“तुमच्या खड्ड्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं हो!” तबस्सुम कळवळून म्हणाली. “दुवा तुटून आलेली शांतता आणि मुद्दाम पाळलेली शांतता यंत्राला सारखीच. चूक मोजतानाही शांततेचे क्षण वगळायचे, असा नियम आहे. तो मीच लिहिलाय.”

सुलूनं कागद बाजूला सारला. “अंतोननं खरं काय वाजवलं त्याची नोंद आहे तुझ्याकडे?”

दोन्ही टोकांना जे खरोखर वाजलं त्याची कच्ची नोंद प्रत्येक कार्यक्रमाची ठेवलेली होती. पक्कं मिश्रण इतकं सुरेख असताना ती उघडून बघायची गरज आजवर कुणाला पडली नव्हती. तबस्सुमनं पडद्यावर दोन रेघा आणल्या, वरची सोमतळची, खालची पृथ्वीची. दोन्हीकडचं घड्याळ एकच.

पहिला कार्यक्रम. वरच्या रेघेत दुसऱ्याच गाण्यात एक बारीकशी फट होती. तबस्सुमनं तेवढा तुकडा लावला. गिटार, गिटार, शांतता, आणि मग अंतोनचा दबका हसरा आवाज, “पडली का?” पुढे लगेच गिटार. पुढच्या फटीनंतरचा आवाज कमी हसरा होता. तिसऱ्या कार्यक्रमापासून तो काही बोलतच नव्हता. सुलू बोटांवर मोजत गेली. सहा कार्यक्रमांत अंतोनचे एकोणीस खड्डे. खालच्या रेघेत तिचे चौदा. तेहेतीस वेळा दोघांनी एकमेकांना हाक मारली होती आणि यंत्रानं तेहेतीसही वेळा ती व्यवस्थित बुजवून टाकली होती.

“आणि मी त्याला खोटारडा म्हणाले,” सुलू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

“ताई, सातवा...” तबस्सुमचा आवाज विचित्र आला. तिनं ‘मिठागर’ची नोंद उघडली होती.

खालची रेघ नवव्या आवर्तनापर्यंत खडबडीत होती आणि नवव्याच्या पहिल्याच ठोक्याला सपाट झाली होती. सुलूनं स्टिक्स मांडीवर ठेवल्या ती जागा. तिथून शेवटपर्यंत काही नाही.

वरची रेघही नवव्या आवर्तनापर्यंत खडबडीत होती. पहिल्या ठोक्याला तीही सपाट झाली होती. तिथून शेवटपर्यंत तिथेही काही नाही.

“त्यानंही वाजवलं नाही,” सुलू पुटपुटली.

“कुणीच वाजवलं नाही. लोकांना आवडतंय ते नुसते दोन अंदाज आहेत. तुमच्या अंदाजाच्या साथीला त्यांचा अंदाज.” तबस्सुमनं पडदा मोठा केला, आणखी मोठा केला. “पण ताई, ठोका बघा. दोन थांबण्यांत एक शतांश सेकंदाचंही अंतर नाही. तुमची शांतता त्यांना कळायला सव्वा सेकंद लागला असता, तोही सांधणी नसती तर. त्यांची तुम्हाला कळायला तेवढाच. म्हणजे कुणी कुणाचं बघून थांबलेलं नाही, तसं थांबणं शक्यच नव्हतं. सोळा आवर्तनांचं गाणं. हा योगायोग म्हणायचा?”

“योगायोग कसला,” सुलू म्हणाली. “नवव्या आवर्तनाला ते गाणं दमतं. मला तिथे नेहमी कंटाळा येतो. त्यालाही तिथेच येत असणार.”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा. सोमतळला जेवणाची सुट्टी. “साधा दुवा लाव. यंत्र नको मध्ये.”

दुवा लागला. पडद्यावर अंतोन आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“सही पोचली ना?” त्यानं विचारलं.

“अंतोन, परवाच्या यानात तुझी जागा आहे का अजून?”

अडीच सेकंद गेले. “नाही. काल सही केली आणि जागा एका दुसऱ्याला देऊन टाकली. पुढचं यान चौदा महिन्यांनी. का गं?”

चौदा महिने. सुलूचा हात नकळत खांद्यावर गेला. वर्षभर, डॉक्टर म्हणाले होते. तिनं हिशेब तिथेच सोडून दिला.

“‘मिठागर’मध्ये तू कुठे थांबलास?”

“तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला. मग खांदे पाडून, “नवव्याला. पहिल्या ठोक्याला. गिटार खाली ठेवली. म्हटलं बघू, हिला कळतंय का. तू आपली वाजवतच राहिलीस, सुलू. मग म्हटलं जाऊ दे. हिचं माझ्यावाचून काही अडत नाही.”

“ती मी नव्हते रे. ते यंत्र होतं. तुझे सगळे खड्डे यंत्रानं बुजवले, माझेही बुजवले. एकोणीस टाकलेस तू. मी आत्ता ऐकले.” तिनं श्वास घेतला. “आणि ‘मिठागर’मध्ये मीपण थांबले होते. नवव्याला. पहिल्याच ठोक्याला.”

एवढं बोलून ती थांबली.

एक सेकंद. दोन. अडीच. एवढे चंद्राचे होते, ते नेहमीच द्यावे लागत.

तीन. चार. पडद्यावर अंतोन हलत नव्हता. पाच. तबस्सुमनं घाईघाईनं दुव्याच्या दिव्याकडे बघितलं, तो हिरवा होता.

“सांधणी बंद आहे ना?” सुलूनं तिला हळूच विचारलं.

“बंद आहे, ताई.”

आठ. नऊ. दहा. हे सगळे सेकंद अंतोनचे होते, आणि तो वर गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचं गप्प राहणं अख्खं तिच्यापर्यंत येत होतं. सुलू अंग सैल सोडून खुर्चीत मागे टेकली. तिला कसलीच घाई नव्हती.

चौदाव्या सेकंदाला पडद्यावर अंतोननं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“मग आता चहा कुणी करायचा?” तो म्हणाला.